निसर्ग वादळानंतरचं एक गाव आणि आमचे जास्तीचे टॉर्च : एक प्रकरण अभ्यास

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आलं. आदल्या रात्रीपर्यंत टीव्हीवर सगळं मुंबईच्या नावाने चाललं होतं, आमच्या भांडुपच्या सोसायटीत लोकांनी काचांना टेप मारल्या, पिंपं भरून ठेवली, मोबाईल फुल चार्ज केले, आणि मग वादळ जरा दक्षिणेकडून आत शिरलं. मुंबईत झाडं पडली, कुठे कुठे पाणी भरलं आणि संध्याकाळी सगळीकडे "वाचलो बाबा"चे मेसेज सुरू झाले. मुंबई वाचली हे खरं, पण श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, अलिबाग, खाली दापोली-मंडणगडपर्यंत लोकांच्या डोक्यावरचे पत्रे आणि कौलं गेली, नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब हजारोंनी पडले. बऱ्याच गावांत वीज यायला कित्येक आठवडे लागले, काही ठिकाणी महिन्याच्या वर. टॉवर बंद असल्याने पहिले काही दिवस तर गावाकडून फोनच लागत नव्हते, आणि पाठोपाठ पाऊस होताच.

हे लिहितेय ते श्रीवर्धन तालुक्यातल्या एका गावाबद्दल, त्या गावाच्या लालबागमधल्या मुंबई मंडळाबद्दल (म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांची संघटना) आणि आमच्यासारख्या टॉर्चच्या हौशी लोकांबद्दल. गावाचं नाव मुद्दाम देत नाहीये, तिथल्या लोकांना तसं विचारलेलं नाही. हौशी माणसाकडचं जास्तीचं सामान संकटात कामाला येतं का, येतं तर कुठलं आणि कुठलं नाही, हे या एका प्रकरणात आम्हाला जितकं स्पष्ट दिसलं तितकं नंतर कुठेच दिसलं नाही, म्हणून सविस्तर मांडतेय.

आधी आमची ओळख. टॉर्च जमवणं हा छंद असतो हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आमच्या ग्रुपमध्ये मुंबई-ठाण्यातले विशीपासून साठीपर्यंतचे लोक आहेत, कुणी ट्रेकिंगमधून आलंय, कुणी लॅमिंग्टन रोडला पार्ट्स शोधता शोधता, कुणी नाइट शिफ्टमुळे. आमची चर्चा म्हणजे कुठला टॉर्च किती ल्युमेनचा (म्हणजे एकूण उजेड किती), बीम किती लांब जातो, उजेडाची छटा पिवळसर की निळसर, टर्बो, म्हणजे सगळ्यात मोठ्या उजेडाचा मोड, किती मिनिटं टिकतो. पावसाळ्यात राजमाचीला गेलो की समोरच्या डोंगरावर बीम मारून फोटो काढायचे. एकेकाकडे वीस-तीस टॉर्च आणि रोजच्या वापरात त्यातले फार तर दोन, कारण शहरात वीज जातेच कुठे. १२ ऑक्टोबर २०२० ला विजेचं ग्रिड बसलं आणि लोकल थांबल्या तेव्हा ती राष्ट्रीय बातमी झाली होती, यावरून समजा. म्हणजे आमच्या ड्रॉवरमध्ये जो उजेड पडून होता त्याची आम्हाला स्वतःला गरज अशी कधी पडलीच नव्हती.

वादळानंतर आमच्यातल्या एकाच्या, परळला राहणाऱ्या मित्राच्या, त्या गावातल्या मावशीचा चार दिवसांनी फोन लागला. मावशीने घराचं, वाडीचं सगळं सांगितलं आणि मग म्हणाली, मेणबत्त्या संपल्या, दुकानातल्याही संपल्या, रात्री मोबाईलचा उजेड लावतो तर बॅटरी जाते आणि मग कुणाला फोनही करता येत नाही. मित्राने हे ग्रुपवर टाकलं आणि तासाभरात लोकांनी आपापल्या टॉर्चचे फोटो टाकायला सुरुवात केली, हा घ्या, हाही घ्या, एकाने तर आपला सगळ्यात महागडा किलोमीटरभर मारा करणारा थ्रोअर देऊ केला. मनापासून देत होते सगळे, त्यात दिखावा काही नव्हता. पण देणाऱ्याने आपल्या दृष्टीने भारी असलेली वस्तू पुढे करणं आणि घेणाऱ्याला ती उपयोगी पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे आम्हाला ज्यांनी शिकवलं ते मंडळाचे सेक्रेटरी काका.

कोकणातल्या गावांची मुंबई मंडळं ज्यांना माहीत आहेत त्यांना जास्त सांगायला नको. लालबाग, परळ, काळाचौकी, गिरगाव, चाळीतली एखादी खोली, भिंतीवर ग्रामदेवतेचा फोटो, लोखंडी कपाटात वर्गणीच्या पावत्या. गावातल्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेचा वर्ग, कुणाचं आजारपण, सगळं तिथून हलतं. काका बेस्टमधून रिटायर झालेले. त्यांच्याकडे गावातल्या प्रत्येक घराची माहिती तोंडपाठ, कुणाचं छप्पर गेलं, कुणाकडे अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुणाची सून बाळंत व्हायला आलीये. आम्ही मोठ्या उत्साहाने यादी वाचून दाखवली तर त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दोनच प्रश्न विचारले, "ही बॅटरी खाते काय? आणि ते संपलं की गावात मिळणार कुठे?" मग म्हणाले की पहिली गरज ताडपत्रीची आहे, दुसरी खिळे आणि सुतळीची, तिसरी तांदूळ-डाळ, आणि मग उजेड, टेम्पोत जागा त्याच क्रमाने मिळेल.

मला वाटतं या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच होता. आमच्यातल्या काहींना ते लागलंही, आम्ही एवढं देतोय आणि आमचा नंबर चौथा. पण पावसात उघड्यावर बसलेल्या माणसाला उजेडाने काय होणार. मग ठरलं की जे टॉर्च देणार नाहीत त्यांनी ताडपत्रीसाठी पैसे द्यायचे, आणि टॉर्च देणाऱ्यांनीही जमेल तेवढे द्यायचे. तेव्हा मिशन बिगिन अगेनमध्ये, म्हणजे कोरोनाचा लॉकडाऊन टप्प्याटप्प्याने उठत असताना, दुकानं एका दिवशी रस्त्याच्या एका बाजूची, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूची अशी उघडत होती, त्यामुळे मस्जिद बंदरच्या भागात ताडपत्री मिळवतानाही तारीख आणि बाजू बघून जावं लागलं. त्या ताडपत्र्यांच्या गुंडाळ्यांमध्ये जी पोकळ जागा राहते तिथे आमचे टॉर्च बसले, म्हणजे वेगळी जागा लागलीच नाही.

काकांचे दोन प्रश्न आम्ही सगळ्या सामानाला लावले आणि त्याच्यावर निवड झाली. इथे थोडं तांत्रिक सांगावं लागेल, कारण मदत करू बघणाऱ्या कुठल्याही हौशी ग्रुपला हेच उपयोगी पडेल.

आमच्या बहुतेक चांगल्या टॉर्चमध्ये १८६५० नावाचा लिथियम सेल असतो, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीत असायचा तोच. ३००० एमएएचचा (हे सेलच्या क्षमतेचं माप) घेतला तर ३.६ व्होल्टने त्यात जवळपास ११ वॅट-अवर ऊर्जा बसते. बरा एलईडी एका वॅटमागे शंभरेक ल्युमेन देतो. म्हणजे २० ल्युमेनवर हा एक सेल हिशोबाने पन्नास तास चालेल, प्रत्यक्षात चाळीस धरा. आणि एका खोलीत जेवायला, भांडी घासायला, लहान मुलाला बघायला २० ल्युमेन पुरतात, डोळे अंधाराला सरावले की कमीही चालतात. तोच टॉर्च हजार ल्युमेनच्या टर्बोवर टाकला तर सेल तासाभरात संपतो आणि त्याच्या आधीच काही मिनिटांत तापून स्वतःच उजेड कमी करतो. आम्ही वर्षानुवर्षं ज्या आकड्यावर भांडत होतो तो आकडा गावाला नकोच होता, त्यांना हवा होता तो सगळ्यात खालचा मोड, जो आम्ही बघतही नव्हतो.

पण १८६५० गावातल्या दुकानात मिळत नाही. पेन्सिल सेल मिळतो, रिमोटमध्ये आणि घड्याळात घालायचा, वादळानंतरही एखाद्या टपरीवर सापडतो. चार्ज होणाऱ्या पेन्सिल सेलमध्ये, २००० एमएएच आणि १.२ व्होल्ट, साधारण २.४ वॅट-अवर मावतात, म्हणजे २० ल्युमेनवर एक सेल एक रात्र काढतो. हे समीकरण आम्हाला फार आवडलं, एक सेल एक रात्र, गावातल्या कुणालाही एका वाक्यात सांगता येतं.

तर पेन्सिल सेलवर चालणारे सगळे टॉर्च आणि हेडलॅम्प बिनशर्त गेले. यातले बरेचसे आमच्या छंदाच्या सुरुवातीच्या काळातले, स्वस्त, आता कुणी हात न लावणारे. १८६५० वाले फक्त ते गेले ज्यांना अंगातच चार्जिंगचं छिद्र आहे आणि ज्यांचा सेल प्रोटेक्टेड आहे, म्हणजे आत छोटं सर्किट असतं जे शॉर्ट झालं किंवा सेल फार उतरला तर बंद करतं. विनासर्किटचे सुटे सेल अजिबात पाठवले नाहीत, ते खिशात किल्लीला किंवा नाण्याला लागले तरी पेटू शकतात, आणि लहान मुलांच्या घरात आपण ते का पाठवायचे. चार-चार सेलचे बॉम्बसारखे टॉर्च, जे टर्बोवर कापडाला भोक पाडतात, तेही राहिले. ज्याने थ्रोअर देऊ केला होता त्याचाही थ्रोअर राहिला, पण त्याची गोष्ट पुढे येतेय.

हेडलॅम्प हा खरा हिरो ठरला हे मी ठासून सांगेन. हातात टॉर्च धरून माणूस एकच हात वापरू शकतो, आणि त्या दिवसांत गावात प्रत्येक काम दोन हातांचं होतं, पत्रा धरायचा, फांदी तोडायची, ओली लाकडं पेटवायची, म्हाताऱ्या सासूला उठवून संडासला न्यायचं. मदत छावण्यांसाठी स्फिअर म्हणून जी जगभर वापरली जाणारी मानकं आहेत त्यात वीस माणसांमागे एक संडास असं प्रमाण सगळ्यांना माहीत असतं, पण संडासाच्या वाटेवर उजेड असावा हेही त्यात आहे, आणि ते कशासाठी हे बायकांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आमच्या ग्रुपमध्ये आम्ही दोघी-तिघीच, आम्हीच आग्रह धरला की प्रत्येक घरात निदान एक दिवा बाईच्या हाती द्यायचा, घरात फक्त ठेवून द्यायचा नाही. काकांनी ते मान्य केलं आणि वाटपाची यादी गावातल्या आशाताईंकडे दिली.

दुसरं कारण साप. कोकणात फुरसं भरपूर, मण्यार आणि नाग आहेतच. पडलेल्या कौलांचे, फांद्यांचे, सुपारीच्या झावळ्यांचे ढीग अंगणात, वरून पाऊस, त्यात लोक जमिनीवर झोपलेले. मण्यार रात्री घरात शिरते आणि झोपलेल्या माणसाला चावते तेव्हा बऱ्याचदा दुखतही नाही, हे ऐकून मुंबईत वाढलेले आमचे लोक हादरले होते. सर्पदंशावरचं प्रतिविष म्हणजे आपल्या परळच्या हाफकिनचं नाव लगेच डोक्यात येतं, पण रस्त्यावर झाडं पडलेली असताना त्या प्रतिविषापर्यंत पोचायलाच वेळ लागतो, त्यामुळे पाय ठेवण्याआधी जमीन दिसणं हाच पहिला उपाय. म्हणून रात्रभर कोपऱ्यात मंद जळत राहील असा एक दिवा प्रत्येक घरात असायला हवा हे ठरलं.

मग चार्जिंग. वीजच नाही तर चार्ज होणारे सेल काय कामाचे, हा प्रश्न आमच्यातल्याच एकाने, डोंबिवलीच्या एका इलेक्ट्रिशियन दादाने विचारला आणि उत्तरही त्यानेच काढलं. सोलर पॅनल आम्ही बाद केलं, जूनमधल्या ढगात छोटं पॅनल जे देतं त्याच्या भरवशावर राहता येत नाही. पण गावात मिनीडोर आहेत. रायगडकडचे लोक ओळखतील, सहा सीटची रिक्षा, जिच्यावर आख्ख्या तालुक्याची ये-जा चालते. तिला १२ व्होल्टची बॅटरी असते आणि रस्ता मोकळा झाला की ती म्हसळ्यापर्यंत फेऱ्या मारणारच होती. दादाने १२ व्होल्टवरून यूएसबी देणारे सॉकेट, त्यांना फ्यूज आणि लांब वायर लावून, क्लिपा जोडून तयार करून दिले. गावातल्या वायरिंगवाल्या मुलाने ते दोन मिनीडोरना बसवले. सकाळी सेल डब्यात घालून ड्रायव्हरकडे द्यायचे, गाडी चालू असताना चार्जर लागलेला, संध्याकाळी परत. इंजिन बंद असताना लावायचं नाही हे मात्र ड्रायव्हर लोकांना दोनदा बजावून सांगितलं, नाहीतर सकाळी गाडीच स्टार्ट होणार नाही. या एका कल्पनेमुळे आमचे सेल आठवड्यात संपून कचरा झाले नाहीत. जे काही साधे अल्कलाइन सेल दिले ते फक्त सुरुवातीच्या रात्रींसाठी, आणि त्यावर लिहून दिलं की उतरले की लगेच काढा, आत राहिले की ते फुटून पाणी सोडतात आणि टॉर्च खराब करतात.

सामान गोळा करणं हा वेगळाच प्रकार. लोकल सामान्य लोकांना बंद, अर्ध्या इमारती सील. आमच्यातली एक जण पालिकेच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, ती ड्युटीवर जाता-येता मुलुंड ते परळ वाटेवरच्या लोकांकडून पिशव्या घ्यायची, गेटवरूनच, हात न लावता. बारा तास पीपीई किटमध्ये काढून वर हे काम. तिच्याबद्दल मला जे वाटतं ते लिहायला शब्द कमी पडतील. प्रत्येक वस्तू सॅनिटायझरने पुसून, दोन दिवस बाजूला ठेवून मगच पॅक केली, कारण गाव मुंबईला घाबरलेलं होतं आणि त्यात गावाचं काही चुकलं नव्हतं. मुंबईहून जाणाऱ्या माणसाला चौदा दिवस शाळेत ठेवत होते. म्हणून आमच्यापैकी कुणीही गेलं नाही. फोटो काढायलाही नाही. छोटा हत्ती टेम्पो, पासवाला ड्रायव्हर, पेण-कोलाड-माणगाव-म्हसळा करत गेला, गावाच्या वेशीवर सामान उतरवलं आणि तसाच परत आला.

पॅकिंगमध्ये आमच्या हौशी ज्ञानाचा खरा उपयोग झाला. प्रत्येक सेलच्या टोकाला टेप, लिथियमवाले अर्धेच चार्ज केलेले, कारण पूर्ण भरलेला सेल प्रवासात आणि उन्हात जास्त धोक्याचा. विमानाने असले सेल पाठवायला कडक नियम आहेत, टेम्पोने निदान ती कटकट नव्हती. काही टॉर्चमध्ये भरभर सहा क्लिक केल्या की साधा मोड लागतो, फक्त दोन-तीन पायऱ्या उरतात, फ्लॅशिंग वगैरे बंद, टर्बो बंद, ते आधीच करून ठेवलं. ज्यात तसं नव्हतं त्याच्यावर मराठीत चिठ्ठी चिकटवून वरून पारदर्शक टेप मारला. चिठ्ठीत काय लिहायचं यावर आमची फार डोकेफोड झाली, शेवटी मित्राच्या मावशीला फोनवर वाचून दाखवलं आणि तिला कळलं तेवढंच ठेवलं: एकदा दाबा, मंद. परत दाबा, मोठा. बंद करायला धरून ठेवा. गरम लागला तर मंद करा.

आता गावात प्रत्यक्ष काय झालं ते. हे सगळं फोनवर कळलेलं, काकांकडून आणि आशाताईंकडून, आधी तुटक तुटक आणि नेटवर्क आल्यावर नीट.

खोली उजळायची आमची नेहमीची युक्ती म्हणजे टॉर्च उभा करून छतावर मारायचा, उजेड परत खाली पसरतो. आम्ही तेच सांगितलं होतं. पण छप्पर गेलेल्या घरात वर निळी किंवा काळी ताडपत्री, ती उजेड गिळून टाकते. गावातल्याच एका मुलीने, दहावीची असेल, पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पाण्याच्या कॅनला हेडलॅम्प आतल्या बाजूला तोंड करून बांधला, आणि सगळा कॅन कंदिलासारखा पेटला. अख्ख्या आळीने तेच केलं. बुडाला चुंबक असलेले टॉर्च पत्र्याला, ट्रॅक्टरला, लोखंडी कॉटला चिकटवून वापरले गेले, ते सगळ्यात आधी संपले वाटपात.

उपकेंद्रातल्या नर्सताईंसाठी आमच्यातल्या साठीच्या एका काकांनी आपला आवडता, रंग खरे दाखवणारा टॉर्च दिला होता. याला सीआरआय म्हणतात, शंभर म्हणजे सूर्यप्रकाशासारखा, स्वस्तातले पांढरे एलईडी सत्तरच्या आसपास असतात आणि त्यात लाल रंग मेलेला दिसतो. जखमेभोवतीची लाली, दंशाजवळची सूज, बाळाची त्वचा पिवळी पडलीये का, हे कळायला लाल-पिवळा नीट दिसावा लागतो. ग्रुपमध्ये या विषयावर आम्ही रात्र रात्र वाद घातलेत, फुलांचे आणि लाकडाचे फोटो टाकून. नर्सताईंनी आठवड्याने निरोप पाठवला की हा एकच परत मागू नका, बाकीचे न्या हवे तर. तो काकांचा टॉर्च आता तिथेच आहे.

आणि थ्रोअर. आम्ही बाद केलेला. वीज जोडायला बाहेरच्या जिल्ह्यांतून वायरमन आले होते, दिवसरात्र काम, डोंगरातून जाणारी लाइन कुठे तुटलीये ते बघायला एकेक खांब चालत जावं लागायचं, आणि संध्याकाळी धुक्यात समोरच्या उतारावरचा खांब दिसायचा नाही. लालबागच्या काकांचा फोन आला, "तुमच्यातला तो लांबचा मारणारा कुठे आहे?" दुसऱ्या खेपेच्या टेम्पोतून तो गेला, जास्तीचे सेल आणि चार्जरसकट, आणि लाइन येईपर्यंत वायरमन लोकांकडे होता. म्हणजे वस्तू निरुपयोगी नव्हती, घरी वाटायला निरुपयोगी होती. हे फक्त तिथल्या माणसाला विचारूनच कळतं, मुंबईत बसून कितीही अक्कल चालवली तरी नाही.

काही गोष्टी जमल्या नाहीत. लाल उजेडाचे मोड कुणी वापरले नाहीत, उलट लहान मुलांनी ते लावून ठेवले आणि सेल उतरले. दोन-तीन टॉर्च पाण्याने गेले, ज्यांच्यावर आयपीएक्स४ होतं, हा पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा असतो, आणि ४ हा शिंतोड्यांपुरताच, कोकणातल्या पावसात आयपीएक्स७ च्या खाली जाऊ नये. एका ऑनलाइन दुकानातून एकाने घाईत नवीन सेल मागवले होते, त्यावर ९८०० एमएएच छापलेलं, जे १८६५० मध्ये शक्यच नाही, आम्ही मोजले तर हजारच्या आत निघाले. ते आम्ही मुंबईतच थांबवले. तपासायची मशीन आणि सवय आमच्याकडे होती म्हणून, नाहीतर एखाद्या घरात ऐन रात्री अंधार झाला असता. दान करताना वस्तू तपासणं ही देणाऱ्याचीच जबाबदारी आहे, घेणारा तेव्हा तपासण्याच्या अवस्थेत नसतो. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडून राहिले होते, ते ढीगही कुणीतरी चांगल्या मनानेच पाठवले होते.

आमच्या छंदावर याचा परिणाम झाला तो मला मनापासून आवडतो. कुणी छंद सोडला नाही, टॉर्च घेणं थांबलं नाही. पण आता नवीन टॉर्च आला की आमच्यातले बरेच जण आधी सगळ्यात खालच्या मोडवर किती तास जातो ते मोजतात, बादलीत बुडवून ठेवतात, आणि घरातल्या आजीला हातात देऊन बघतात की तिला न सांगता लावता येतो का. डोंबिवलीच्या दादाने तर वर्षभर मिनीडोर, रिक्षा, ट्रॅक्टर अशा प्रत्येक गाडीसाठी चार्जिंगचे सेट बनवून ठेवले. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणात शिरलं तेव्हा आमची खोकी दोन दिवसांत तयार होती, कारण यादी तयार होती. तिथे गरज वेगळी निघाली, घराघरात आणि बाजारपेठेतल्या दुकानांत चिखल, त्यामुळे मागणी आली ती पाण्यात पडले तरी चालणाऱ्या हेडलॅम्पची, कंदिलासारखे दिवे फारसे लागले नाहीत. पण विचारून पाठवल्यामुळे फार काही वाया गेलं नाही.

एक वाद मात्र अजून चालू आहे. काही जणांचं म्हणणं, एक महागडा टॉर्च विकला तर त्यात किती ताडपत्र्या येतील बघा, वस्तू देण्यापेक्षा विकून पैसे द्या. हिशोबाने ते बरोबर आहे. दुसरी बाजू म्हणते की वादळाच्या आठवड्यात पैसे असूनही गावात सेल नव्हते, मेणबत्ती नव्हती, आणि जे आपल्या ड्रॉवरमध्ये तयार आहे ते त्याच रात्री निघू शकतं. मी दुसऱ्या बाजूची आहे, पण अर्धीच. जे टॉर्च काकांच्या दोन प्रश्नांत पास होतात ते द्यावेत, जे होत नाहीत ते विकून पैसे मंडळाला द्यावेत, असं मला वाटतं, आणि आमच्यातले बरेच जण आता तसंच करतात.

सध्या एक खोका लालबागच्या खोलीत असतो, दुसरा गावात ग्रामपंचायतीत आशाताईंच्या ताब्यात. दरवर्षी मे महिन्यात दोन्ही उघडून सेल चार्ज करायचे, फुगलेले काढायचे, रबरी रिंगांना ग्रीस लावायचं, असं ठरलंय. यंदा काकांनी यादीत स्वतः एक ओळ घातली आहे, प्रत्येक टॉर्चमागे चार्जिंगची वायर दोन, कारण खोका उघडला की सगळ्यात आधी वायरीच गायब असतात, त्या लोकांच्या मोबाईलला लागलेल्या असतात. तेव्हा ज्यांच्याकडे चालू स्थितीतल्या जास्तीच्या यूएसबी वायरी पडून आहेत त्यांनी त्या नीट तपासून, गुंडाळून बाजूला काढून ठेवा, मे महिन्याच्या आत.